आज विळी नाही

भागीरथाबाई,

परवा तुमची तेरवी झाली. मी पंगतीत बसले होते. तुमच्या सुनेनं, कौसानं, वांग्याची भाजी वाढताना "मास्तरीनबाई, लाजू नोका" असा दोनदा दम दिला, तोही अगदी तुमच्या आवाजात. मी मान वर करून पाहिलं तर कौसाच होती. आमच्या आळीत आता दोन दिवस चर्चा चालेल की वकिलीणबाई माळ्यांच्या पंगतीला बसल्या. चालू दे. भाजी मात्र तिखटजाळ होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कशाचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही, एवढी सोय झाली.

तुमच्याबद्दल चार शब्द लिहा, असं बागेच्या पंचांनी सांगितलंय. त्यांना हवंय ते असं, की "कैलासवासी भागीरथाबाई यांनी बागेतल्या जनावरांना वर्षानुवर्षं भाजीपाला पुरवला." बस्स. हे म्हणजे देवळाबद्दल विचारावं आणि पायरी दाखवावी तसं झालं. ते चार शब्द मी त्यांना देईन. पण त्याआधी हे तुम्हाला लिहितेय. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, बारा वर्षं राहिली, आणि तोंडानं फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मला ती जमली नाही.

आठवतं का, मी बागेत पहिल्यांदा आले ते? पुण्याहून येऊन यजमानांनी अमरावतीत वकिली सुरू केली, मी मुलींच्या शाळेत लागले, आणि वर्षभरात हेडबाईंनी हे काम माझ्या गळ्यात घातलं. जिनिंगवाल्या शेटजींनी मरताना बाग आणि तिच्यातली जनावरं गावाला दिली होती: एक अस्वल, दोन रोही म्हणजे नीलगायी, एक साळिंदर, माकडं, पोपट. शाळांच्या मुलींना ती दाखवायची, माहिती सांगायची, खेड्यांतल्या शाळांना बोलवायचं, जमलं तर त्यांच्याकडे जायचं. मी पुण्याहून तक्ते मागवले. अस्वलाचे दात किती, साळिंदराचे काटे म्हणजे खरे तर केसच, असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. मुली रांगेत उभ्या राहायच्या, मी छडीनं तक्ता दाखवायची, आणि पलीकडे पिंजऱ्यात गबाजी अस्वल आमच्याकडे पाठ करून झोपायचं. मुलीही उभ्या उभ्या झोपायच्या.

तुम्ही लिंबाखाली विळीवर बसून कोहळं चिरत असायचात. सकाळी मळ्यातून टोपली आणायची, सगळ्याच्या फोडी करायच्या आणि ज्याच्या त्याच्या परातीत टाकायच्या, हे तुमचं काम. एकदा मी दातांचा तक्ता संपवला आणि तुम्ही चिरता चिरता मोठ्यानं म्हणालात, "मास्तरीनबाई, तुमी दात मोजून राहिल्या, पन त्या दातानं तो करते काय, ते सांगा ना पोरीइले!"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "तुम्ही तुमचं कोहळं चिरा." तुम्ही म्हणालात, "चिरूनच राहिली हाय."

अशी आपली ओळख झाली.

मग ती नागपंचमी. शाळाखात्याचे साहेब नागपूरहून येणार होते. बागेच्या फेऱ्यांत मुलींचा वेळ वाया जातो, अशी कुणीतरी तक्रार केली होती, आणि साहेब पाहून ठरवणार होते की फेऱ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या. मला म्हणाले, दिवस तुम्ही निवडा. मी अतिशहाणी. नागपंचमी निवडली. त्या दिवशी सुट्टी, मुली मोकळ्या, आणि सापांबद्दलच्या खुळ्या समजुतींवर माझं भाषण तयार होतं. नाग दूध पीत नाही, नाग डूख धरत नाही. असे चौदा मुद्दे होते.

त्या दिवशी कुणी चिरत नाही, कापत नाही, खणत नाही, तवा ठेवत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्यालाही हेच असतं. पण माहेरी आई पाळायची, सासरी सासूबाई पाळायच्या, आणि मी आयती उकडलेली दिंडं खायची. शिवाय हा नियम माणसांच्या स्वयंपाकघराचा, जनावरांच्या परातीचा नव्हे, अशी माझी समजूत.

मी सकाळी आले तर विळी लिंबाच्या बुंध्याला उलटी टेकवलेली, आणि तुम्ही भरल्या टोपल्यांशेजारी हात बांधून बसलेल्या.

"हे काय? अजून चिरलं नाही?"

"आज विळी नाई."

"अहो, साहेब यायचेत! दहा वाजता खाणं दाखवायचंय."

"साहेब येवो नाईतं त्याचा बाप येवो. आज पंचमी हाय. मी विळीले हात लावत नाई."

मी ओरडले. तुम्हाला अडाणी म्हटलं. हेही मी कधी परत घेतलं नाही. मी म्हटलं, "जनावरं उपाशी ठेवायची का मग?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं वर्गात मी 'ढ' मुलीकडे पाहते. "उपाशी कायले? जंगलात त्याइले कोन चिरून देते? त्याइची माय विळी घेऊन बसते काय थितं?"

तेवढ्यात फाटकाशी साहेबांची मोटार वाजली, आणि तुम्ही उठून अख्खं कोहळं गबाजीच्या पिंजऱ्यात लोटून दिलंत.

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं आपलं. फेऱ्या बंद, तक्ते माळ्यावर, आणि मी पुन्हा तिसरीला पाढे म्हणून घेणार. मग एकदम शांत वाटलं म्हणून डोळे उघडले. चाळीस मुली जाळीशी उभ्या होत्या आणि एकही चुळबूळ करत नव्हती.

गबाजी उठला होता. त्यानं कोहळ्याभोवती एक फेरी मारली. हुंगलं. पंजानं ढकललं, ते घरंगळलं, तसा तो दचकून मागं सरला. मग पुन्हा आला. मग बूड टेकून बसला, कोहळं मांडीवर घेतलं, बारशातल्या बाळासारखं फिरवून फिरवून पाहिलं, आणि एका जागी नख घालून बसला. भोक पडलं. त्यात त्यानं तोंड लावलं आणि आतला गर बियांसकट असा ओढायला लागला की त्या आवाजानं साहेबसुद्धा पुढं आले. एक मुलगी किंचाळली, "बाई, त्याले समोरचे वरचे दात नाहीत! म्हणून ओढते तो!" माझ्या तक्त्यावर हे सातव्या ओळीत होतं. दीड वर्षात एकीलाही आठवत नव्हतं.

साळिंदरानं भुट्टा दोन्ही पायांत धरून ओळीनं सोलला. माकडिणीनं अर्धं केळं गालात लपवलं आणि उरलेल्यासाठी रडल्याचं सोंग केलं. रोह्यांना मात्र कोहळं फुटेना. बिचारे चाटत बसले. तेव्हा तुम्ही आत गेलात, कोहळं उचललंत आणि दगडावर आपटलंत. मी म्हटलं, "हे चालतं वाटतं?" तुम्ही म्हणालात, "आपटलं. चिरलं थोडीच?"

मी सापांचं भाषण केलंच नाही. चौदा मुद्दे पर्समध्येच राहिले.

आणि मग ते झालं. साहेब खुशीत होते. हॅट काढून घाम पुसत मला म्हणाले, "बाई, ही अख्खं खाणं द्यायची कल्पना उत्तम. कुणाची?"

तुम्ही दहा पावलांवर टोपली झटकत होतात. मी म्हटलं, "आम्ही मुद्दाम योजून पाहिलं."

'आम्ही' म्हटलं, म्हणजे अगदी खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण साहेबांनी रिपोर्टात लिहिलं की शिक्षिकेनं स्वतः योजलेली नवी पद्धत, आणि तो रिपोर्ट मी ट्रंकेत रेशमी साडीच्या घडीत ठेवला. खरं नाव सांगितलं तर साहेब बिचकतील, असाही एक विचार तेव्हा डोक्यात आला होता. पण तो दुसरा. पहिला हा, की कुणीतरी मला शाबासकी देतंय, आणि ती मला हवी आहे.

त्यानंतर दर गुरुवार हा 'बिनचिरीचा वार' ठरला. त्या दिवशी विळी उलटी, आणि सगळ्यांना सगळं अख्खं. मुलींनी काय करायचं, तर पाहायचं. तुमचा नियम असा होता की आपण आधी काहीही सांगायचं नाही. "तुमी बोलू नोका. पोरीइले इचारू द्या. इचारलं का मंग सांगा." हे माझ्याच्यानं कधी झालं नाही. गबाजी कोहळ्याकडे निघाला की माझी जीभ वळवळायची, "आता पाहा हं मुलींनो, तो काय करील—" आणि तुम्ही लिंबाखालून खाकरायच्या. बारा वर्षं खाकरलात. पालथ्या घड्यावर पाणी.

आपला दुसरा वाद नागाच्या दुधाचा. मी तुम्हाला चित्रं दाखवली, पुस्तकं वाचून दाखवली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि पुढच्या पंचमीला वाटी घेऊन वारुळाकडे निघालात. मी वाटेत गाठलं. तर म्हणे, "पेत नसन बाई. पन दारी आलेल्याले इचारा तं लागते ना." हा वाद मी हरलेले नाही. तो तहकूब आहे.

तुम्हाला अकोला आठवत असेलच. जुन्या शहरातल्या मुलींच्या शाळेनं बोलावलं म्हणून आपण साळिंदराला खोक्यात घालून, वर गोणपाट टाकून, गार्डाच्या डब्यातून नेलं. मोर्णा नदी ओलांडून टांगा गल्लीत शिरला आणि आतली स्वारी काटे खडखडवायला लागली. घोडा बिचकला. टांगेवाला म्हणाला, खोक्यात काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढं जात नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आमची पोरगी हाय दादा. सासरी चालली, म्हनून फनफन करून राहिली." टांगेवाल्यानं खाली उडी मारली आणि उरलेली वाट घोड्याचा लगाम धरून, खोक्यापासून चार हात दूर, पायीच काढली.

शाळेत हेडमास्तरांनी साहेबांचा रिपोर्ट मिळवून ठेवला होता. तो त्यांनी सभेत खड्या आवाजात वाचला, मराठी करून. "शिक्षिकेने स्वतः योजलेली पद्धत." आणि शारदेच्या तसबिरीसाठी तुम्ही मळ्यातून आणलेला झेंडूचा हार त्यांनी उचलला आणि माझ्या गळ्यात घातला. तुम्ही भुट्ट्यांची टोपली मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या होतात. मी उठून म्हणायला हवं होतं की हार त्या बाईंना घाला, फुलंही त्यांची आहेत. मी उठले, नमस्कार केला, आणि खाली बसले.

परतीच्या गाडीत तुम्ही विचारलंत, "त्या कागदात काय लिवलं होतं जी?" कागद तुमच्यासमोरच वाचला होता, तरी विचारलंत. मी म्हटलं, "आपल्या बागेचं कौतुक आहे." तुम्ही "बरं झालं" म्हणालात, पेरू हातानं फोडलात आणि मोठा तुकडा मला दिलात. तो मी खाल्ला. बडनेऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाही, आणि तुम्हाला वाटलं मला गाडी लागली.

त्यानंतर किती वेळा ठरवलं. हिवरखेडच्या शाळेत गेलो तेव्हा ठरवलं. तुमच्या नातवाच्या बारशाला ठरवलं. तुम्ही आजारी पडलात तेव्हा तर शपथ घेऊन आले. खाटेशी बसले, तुमचा हात हातात घेतला, आणि म्हटलं, "भागीरथाबाई, एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "मंग सांगसान. आधी हे ऐका. गुरुवारची कोहळी कौसाले निवडू देऊ नोका, ते जून घेते. जून कोहयं गबाजीले फुटत नाई आता, म्हातारा झाला तो." आणि मग देठ कसा पाहायचा, टिचकी मारून आवाज कसा ऐकायचा, याचा धडा मला दिलात. तुम्हाला धाप लागत होती. मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात.

तर परवा पंगत उठल्यावर मी मागच्या दारी कौसाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. साहेब, रिपोर्ट, हार, सगळं. ती भांडी घासत होती. घासणं न थांबवता म्हणाली, "आमाले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"आत्याबाई अकोल्याहून आल्या ना, तवाच हसून हसून सांगत होत्या. म्हने, मास्तरीनबाईनं माह्यं नाव घेतलं असतं तं साहेब म्हनला असता, हे तं बायाइचं सनवार हाय, याले शिक्षन कोन म्हनते? अन् बंद करून टाकलं असतं. बाईनं आपल्या नावावर घेतलं म्हनून पोरी जनावरं पाहून राहिल्या. म्हने, नाव कोनाचं बी राहो, कोहयं तं माह्यंच हाय."

मी तिथंच पाट्यावर बसले. आधी इतकं हलकं वाटलं की विचारू नका. आणि मग, भागीरथाबाई, मला तुमचा भयंकर राग आला. बारा वर्षं मी मनात कुढत होते, आणि तुम्ही हसत होतात! गाडीत तो प्रश्न विचारलात तो मुद्दाम. माझी परीक्षा पाहिलीत. मी नापास झाले, तरी मला पेरूचा मोठा तुकडा दिलात. तुम्ही मला माफ करून मोकळ्या झालात, तेही मला न विचारता. हे चालायचं नाही. तुमचा हिशेब शहाणपणाचा असेल, साहेबांबद्दल तुमचं खरंही असेल. पण मी तुमच्या नावाला भ्यायले नव्हते हो, मी हाराला भुलले होते. हे तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

रात्री घरी जाऊन पंचांना अर्ज लिहिला. पद्धत कुणाची, कशी सुरू झाली, मी काय बोलले आणि काय बोलले नाही, सगळं लिहिलं. सनवार हा शब्दही लिहिला. यजमान म्हणाले, "आता कशाला? हे हात दाखवून अवलक्षण होईल." मी म्हटलं, "होऊ दे." साहेब येतील, विचारतील, फेऱ्या बंद करा म्हणतील तर भांडेन. भांडणात मी कुणाला हार गेलेली नाही, तुमच्याशिवाय.

आज गुरुवार. तिवशाच्या शाळेच्या मुली आल्या होत्या. विळी लिंबाला उलटी टेकवलेली. कौसा टोपल्यांशेजारी बसली होती. कोहळी मी निवडली होती, एकेकाला टिचकी मारून, मंडईत लोक हसेपर्यंत. गबाजी हल्ली उशिरा उठतो. कोहळं आत गेलं तरी तो पडूनच. मुली वाट पाहत होत्या. माझी जीभ वळवळली. मी वाट पाहिली की कुणी खाकरतंय का. कुणी खाकरलं नाही, तेव्हा मीच तोंड मिटून घेतलं.

किती वेळ गेला कोण जाणे. गबाजी उठला. फेरी मारली. हुंगलं. आणि एक दोन वेण्यांची मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, याले असं अख्खं काहून देता? हे कोनं काढलं?"

बारा वर्षांत हा प्रश्न पुष्कळ मुलींनी विचारला होता. मी दर वेळी म्हणायची, आमची पद्धत आहे. आज मी त्या मुलीचा हात धरून तिच्यापुढं वाकले, आणि माझ्या पुणेरी तोंडातून काय निघावं?

"भागीरथाबाईनं काढलं वं. ते माळीन होती. नागपंचमीले ते विळीले हात लावत नव्हती. मले बी तिनंच शिकवलं."

कौसानं तोंडाला पदर लावला. हसली की रडली, पाहिलं नाही. मुलगी म्हणाली, "मंग त्या कुठं हायत?" मी सांगणार होते. खूप सांगणार होते, चौदा मुद्दे होते. पण मागं 'कर्र' असा आवाज झाला, कोहळं फुटलं, आणि मुलगी माझा हात सोडून जाळीकडे धावली.

तुम्हीही तेच म्हणाला असतात, बोलू नोका, पाहा. मी पण धावले.